बॅटरी नीट धर

एकतीस वर्षं मी फक्त बॅटरी धरली.
तो बॉनेटखाली वाकायचा, मी खांद्यावरून उजेड टाकायची,
आणि तो म्हणायचा, तिथे नाही, नेलिदा, तिथे.
तिथे म्हणजे कुठे, हे त्यालाही
बोटांना चटका बसल्यावरच कळायचं.

जूनचा दुसरा शनिवार. एस्केलमध्ये
सकाळचे नऊ वाजले तरी रात्र हलत नाही.
डोंगरावरून उतरलेला वारा
गॅरेजच्या पत्र्याखाली नखं घालून बघतोय.
रेनो बारा, अठ्ठ्याहत्तर सालची, कधीकाळी मोहरीच्या रंगाची,
तीन दिवस नुसती खोकते आहे.

एवारिस्तो स्टुलावर. मांडीवर घोंगडी.
आणि बॅटरी आता त्याच्या हातात.
तो हात थरथरतो. डॉक्टरांनी थरथरीला एक नाव दिलंय,
आम्ही घरात ते घेत नाही.

वेन्चुमानच्या दुकानातून आणलेलं सगळं
जुन्या वर्तमानपत्रावर मांडलं:
पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, चार प्लग.
मुलगा कोर्दोबाहून म्हणाला होता, आई, मेकॅनिक बोलवा ना.
हे ऐकून याने दोन दिवस
मुलाशी बोलणं टाकलं होतं.

वायरी एकेक करून काढ, तो म्हणाला.
मी तोवर चारही उपटल्या होत्या.

झाकण उलटं करून उजेडात धरलं तर
आत केसाएवढी चीर, काळी.
एवढ्याशा वाटेने रोज सकाळी ठिणगी पळून जात होती
आणि आम्ही शिव्या पेट्रोलला घालत होतो.
जुने पॉइंट खड्डे पडलेले, करपलेले;
त्यांनी आपलं काम केलं होतं, मी ते फेकले नाहीत,
खिशात टाकले. का, ते विचारू नका.

फटीचं माप घ्यायची पट्टी सापडेना.
सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा चालतो, तो म्हणाला,
बरोबर तेवढाच जाड.
आणि पुढे, जरा हळू: त्या हिरव्या रंगाच्या डब्यामागे बघ.

अकरा वर्षांपूर्वी सोडली होती त्याने.
डब्यामागचं पाकीट नवंकोरं,
वर खराब फुप्फुसाचा फोटो.
मी फुप्फुसाची एक कड कात्रीने कापली.
काही बोलले नाही. त्यानेही घसा खाकरला नाही.

इंजिन पान्याने फिरवत आणलं,
कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत,
मधे पुठ्ठा सरकवला.
आता स्क्रू आवळायचा. पण उजेड ठरेना:
रेडिएटरवर, माझ्या मनगटावर, छताच्या तुळईवर, परत.
आणि माझ्याच तोंडून आलं,
तिथे नाही रे, तिथे.

तो हसायला लागला. हसताना हात आणखी हलला.

मग मी सांगणं सोडलं.
स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून थांबले.
उजेड फिरत फिरत स्क्रूवर आला की पाव वळसा.
गेला की थांबा.
आला की पाव वळसा.
इतक्या हळू मी आयुष्यात काही आवळलं नव्हतं.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा
सायलेन्सरमधून असा बार निघाला
की शेजारच्या ओफेलियाबाईंचा कुत्रा कुंपणावरून पलीकडे,
आणि स्वतः बाई झग्यावर दारात, छातीवर क्रूस काढत.
दोन वायरींची अदलाबदल.
एक, तीन, चार, दोन, एवारिस्तो म्हणाला,
ज्या माणसाला काल रात्री
धाकट्या नातीचं नाव आठवत नव्हतं.
एक, तीन, चार, दोन.

दुसऱ्यांदा लागली.
आधी कुरकुरत, मग एका सुरात.
मी दार उघडून धूर बाहेर सोडला, बाहेर फटफटलं होतं.
तिसरा जरा अडखळतोय, तो डोळे मिटून म्हणाला.
मला काहीच ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

हात पुसले. हत्यारं पेटीत.
पाकीट मी परत हिरव्या डब्यामागे ठेवलं,
कापलेली कड
बाहेरच्या बाजूला.